पहिल्या अंघोळीला भुतांचे केक

ल्युकन, डब्लिन
3 नोव्हेंबर 2024, भाऊबीज

प्रिय आई,

बाबांना आणि आजीला नमस्कार सांग. छोटूला एक टपली मार, त्याची ओवाळणी सकाळीच फोनवर आली, मागच्या वर्षीपेक्षा शंभर रुपयांनी कमी आहे, पण असू दे.

पहिल्या अंघोळीच्या दिवशी घरात हॅलोवीनची, म्हणजे इथल्या भुतांच्या सणाची, पार्टी ठेवली म्हणून बुधवारी तू फोन ठेवलास तो "कर बाई तुला काय करायचंय ते" असं म्हणून, आणि तेव्हापासून तुझ्याकडून नुसते पणत्यांचे फॉरवर्ड येतायत, त्यात एक शब्द नाही. पाडव्याला पण बाबाच बोलले आणि तू म्हणे अनारशांना बसलीयेस. मला काय कळत नाही का गं. छोटू म्हणाला आई फोनवर ऐकून घेत नाही, तू लिहून पाठव, ती चष्मा लावून आजीला मोठ्याने वाचून दाखवते आणि वाचताना मध्येच भांडता येत नाही. तर आजी, तू पण ऐक.

पहिली गोष्ट म्हणजे तारीख काही मी ठरवलेली नाही. हॅलोवीन दर वर्षी 31 ऑक्टोबरलाच असतं, आपली दिवाळीच फिरत फिरत यंदा त्यावर येऊन बसली, नरक चतुर्दशी नेमकी 31लाच. आणि या वर्षी आमच्या गल्लीतल्या मुलांची पार्टी आमच्याकडे करायची हे मी जूनमध्येच कबूल केलं होतं, तेव्हा कालनिर्णय बघायचं सुचलं नाही. मागची दोन वर्षं आमची दोघं पोरं दुसऱ्यांच्या घरी जाऊन खाऊन आली, तिसऱ्या वर्षी "आमच्यात सण आहे" म्हणून दार लावून घ्यायचं मला जमेना. तू तरी लावलं असतंस का? गणपतीत आरतीला सगळी गल्ली आत घेतेस ना, चपलांचा ढीग पायरीपर्यंत.

आणि दुसरं, तू म्हणालीस "ते अमेरिकन खूळ". नाही गं, हे खूळ इथलंच आहे, अमेरिकेला ते इथून गेलं. मला पण माहीत नव्हतं, शेजारच्या आजींनी सांगितलं (त्याच, ज्यांना तू मागच्या वेळी लिंबाचं लोणचं दिलंस आणि त्या ते ब्रेडला लावून खातात). त्यांच्या जुन्या पंचांगात हा साउइन, सुगी संपून हिवाळा लागायचा दिवस, आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचं नावच साउइन आहे. त्या रात्री गेलेली माणसं घरी येऊन जातात असं समजायचे, त्यांच्यासाठी ताटाची जागा मांडून ठेवायचे, शेकोट्या पेटवायचे. मी ऐकता ऐकता म्हटलं ही तर सर्वपित्री अमावस्या झाली, फक्त कावळा नाही. मग पुढे 1840च्या दशकात बटाटा कुजला, दुष्काळ पडला, लाखो लोक बोटीत बसून अमेरिकेला गेले आणि हा सण पण सोबत गेला. भोपळा तिकडचा. इथे त्याआधी सलगम कोरायचे, आपल्या नवलकोलाचा थोरला भाऊ समज, दगडासारखं घट्ट. आजी सांगत होत्या की लहानपणी चमच्याने ते कोरून कोरून हाताला फोड यायचे, आणि आत मेणबत्ती लावली की सगळ्या घरात उकडलेल्या सलगमाचा वास. मेयोकडे एका म्युझियममध्ये तसल्या जुन्या कंदिलाचा प्लास्टरचा नमुना ठेवलाय, त्याचा फोटो बघितला मी, भोपळा त्याच्यापुढे अगदी गोंडस वाटतो, ते सलगमाचं तोंड बघून आपली चिमी रात्री माझ्याजवळ झोपायला आली.

आता केक. तुला खरं ऐकायचंय ते हेच, मला माहितीये.

दोन केक करायचे ठरवले होते, एक भोपळा आणि एक मी सांगत नाही आत्ता. शिवाय चोवीस कपकेक, आणि बिस्किटं. सगळं बिनअंड्याचं. पार्टीला दोन मराठी घरं आणि एक जैन कुटुंब होतं हे खरं, पण मुख्य कारण पहिल्या अंघोळीला घरात अंडं नको हे तुझंच डोक्यात बसलेलं. म्हणजे बघ, तू रागावलीस तरी ओव्हनपाशी तूच उभी होतीस.

धनत्रयोदशीला दिवसभर बेकिंग. मैदा, कंडेन्स्ड मिल्कचा डबा, लोणी, दूध, सोडा, बेकिंग पावडर, शेवटी चमचाभर व्हिनेगर, ते घातलं की पीठ असं फसफसतं की लगेच ओव्हनमध्ये ढकलायचं, गप्पा मारत बसायचं नाही. भोपळ्यासाठी बंट केकचं भांडं असतं ना, मधे भोक आणि बाजूने पन्हाळी असलेलं, त्यात दोन केक करायचे आणि एकाच्या बुडाला दुसऱ्याचं बूड लावून उभे केले की आपोआप भोपळा होतो, खाचा आयत्या. ऐकायला सोपं. बिनअंड्याचा केक मुळात ठिसूळ आणि मी त्या पन्हाळींत लोणी नीट लावलं नाही, वर घाई केली, दहा मिनिटं भांड्यात ठेवून मग उपडा करायचा असतो तो मी लगेच केला. अर्धा केक ताटात आणि अर्धा भांड्यात. रडायलाच आलं होतं, रात्रीचे दहा वाजलेले, यमासाठी दिवा दक्षिणेला तोंड करून लावायचा राहिलेला, हा म्हणतो दुकानातून आणू की एक. दुकानातून!! मग मी तो पडलेला चुरा थोड्या बटरक्रीममध्ये मळला आणि गवंडी भिंतीला गिलावा करतो तसा भगदाडांत भरला, फ्रीजमध्ये ठेवला, सकाळी दगड झाला होता. वरून आयसिंग चढलं की कोणाला काय कळतंय.

बटरक्रीमची पण एक गंमत सांगते. इथलं लोणी फार सुंदर असतं, पौंडाचा पॅक, 454 ग्रॅमचा, गायी वर्षातले बरेच महिने हिरव्या गवतावर असतात म्हणून लोणी पिवळंधमक. पण इथे साधं लोणी म्हणजे खारं लोणी, बिनमिठाचं वेगळं बघून घ्यावं लागतं, आणि मी पहिल्या फेरीत दोन पॅक खारे आणले. अर्धा किलो लोणी नि किलोभर आयसिंग शुगर फेटून झाल्यावर चाखलं तर मीठ. फेकवत तर नाही. त्यात कोको घातला आणि चॉकलेटच्या केकला वापरलं, तर सगळ्यात जास्त तेच आवडलं लोकांना, "सॉल्टेड चॉकलेट?" असं विचारत होते. मी म्हटलं हो.

आणि पिवळ्या लोण्याचं पांढरं क्रीम होत नाही, कितीही फेट. भुतं पांढरी नकोत का? कावीळ झालेलं भूत कोण बघणार. त्यावर उपाय काय माहितीये, टोचणीच्या टोकाएवढा जांभळा रंग. खरंच. पिवळ्यावर जांभळा गेला की पांढरं दिसायला लागतं. मला एकदम तुझी नीळ आठवली, बाबांच्या शर्टांची बादली, आणि तू ओरडायचीस "एक थेंब म्हटलं ना, एक!" मी पण चिमीला तस्संच ओरडले, कारण तिने दोन घातले आणि पहिली वाटी फिक्कट जांभळी झाली, ती कपकेकला वापरली.

काळं आयसिंग हा वेगळाच छळ आहे. पांढऱ्या क्रीममध्ये काळा रंग घालत बसलीस तर बाटली संपेल आणि हाती करडा येईल, चवीला कडू. आधी कोको घालून गडद तपकिरी करायचं, मग त्यात जेलचा काळा थोडा, पातळ रंग चालत नाही, क्रीम सैल पडतं, आणि रात्रभर तसंच ठेवायचं, रंग आपला आपण चढतो. सकाळी कोळशासारखं झालं होतं. फक्त पार्टीनंतर सगळ्या मुलांच्या जिभा, दात, दोन आयांच्या लिपस्टिका, सगळं काळं. दुसऱ्या दिवशी त्याच आयांचे मेसेज आले, ते कशाबद्दल होते ते आजीपुढे मोठ्याने वाचण्यासारखं नाही.

हळदीचं सांगायचं राहिलंच. भोपळ्याचा केक आतून पण केशरी दिसावा म्हणून मी त्यात आपली सांगलीची हळद घातली, चमचाभर, म्हटलं बाजारचा रंग कशाला. आणि सोडा घाईघाईत चाळायचा राहिला. केक कापल्यावर आत पिवळ्या रंगात लाल लाल ठिपके! मी आधी घाबरले, मग ट्यूब पेटली, हळदीला सोडा लागला की ती लाल होते, हळदीला चुना लावून कुंकू करतात तसं, सोड्याच्या गुठळ्या जिथे राहिल्या तिथे कुंकवाचे ठिपके. एरवी लाजेने तोंड लपवलं असतं पण हॅलोवीनला कोण काय म्हणणार, मुलं ओरडली रक्त रक्त आणि त्या केकचा आधी फन्ना उडाला. समोरच्या घरातली बाई, ती स्वतः फार छान केक करते, मला बाजूला घेऊन विचारते हे ठिपके कसे आणलेस. मी सांगितलं, आमच्या गावची हळद आहे. खोटं कुठे बोलले.

बिस्किटं म्हणजे चेटकिणीची बोटं. हे लोक लोण्याचं पीठ करतात आणि त्याची बोटं वळून टोकाला नख म्हणून सोललेला बदाम बसवतात. मी पीठ हातात घेतलं आणि म्हटलं ही तर नानकटाई आहे. मग सरळ तुझंच प्रमाण घेतलं, तूप, पिठीसाखर, मैदा, थोडा रवा, वेलची. सुरीने सांध्यांवर तीन तीन रेघा, बदामाखाली लाल जॅमचा ठिपका. एकच लक्षात ठेवावं लागतं, भाजताना फुगतात, म्हणून बोट आपल्या करंगळीपेक्षा बारीक वळायचं, नाहीतर चेटकीण एकदम पैलवान होते. पहिला ट्रे पैलवानाचाच झाला, तो ह्याने ऑफिसला नेला. वेलचीच्या वासाच्या चेटकिणीच्या बोटांचं इथे फार कौतुक झालं, तू तिथे हरभट रोडला विकायला ठेवलीस तर पोलीस येतील.

भुतं मात्र छोल्यांच्या पाण्याची. हसू नकोस. डब्यातले छोले मिळतात ना, त्यातलं पाणी फेकून न देता बीटरने दहा बारा मिनिटं फेटायचं, हळूहळू साखर, लिंबाचे दोन थेंब, आणि ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं बर्फाचा डोंगर होतं, भांडं उलटं धरलं तरी पडत नाही. पायपिंग बॅगमधून छोटे छोटे सुळके काढले, ओव्हन 100 डिग्रीवर, पावणेदोन तास, मग बंद ओव्हनमध्येच रात्रभर. डोळे म्हणून दोन तीळ, काळे. तीस भुतं झाली आणि वर छोल्यांची भाजी पण झाली, म्हणजे मंगळवारचं जेवण सुटलं. चव? छोल्यांचा वास अज्जिबात येत नाही, हे मी तुला शपथेवर सांगते. फक्त इथली हवा ओली, भुतं उघडी ठेवली की तासाभरात चिकट होतात, म्हणून भुतं स्टीलच्या चिवड्याच्या डब्यात घट्ट झाकणाखाली. भाऊ चिवडा म्हणून डबा उघडायला गेला आणि बघतो तर तीस भुतं डोळे वटारून! (भाऊ म्हणजे मराठी मंडळातले ते, मदतीला आले होते, आपला छोटू नव्हे.)

आता दुसरा केक. आजी, हे तुझ्यासाठी.

सगळीकडे तेच ते, वटवाघूळ, कवटी, काळं मांजर, आणि मला त्यात मजाच येईना. चिमी म्हणाली आपल्याकडे भुतं नसतात का. नसतात?! मग मी तिला आपल्या विहिरीजवळच्या पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट सांगितली, आजी तू सांगायचीस तशीच, दुपारी बाराला तिथून जायचं नाही आणि गेलंच तर मागे वळून बघायचं नाही. आणि हडळीची. पोरीचे डोळे एवढे मोठे झाले, म्हणाली हाच केक कर. मग केला, पिंपळ आणि त्यावर पाय सोडून बसलेला मुंजा.

चॉकलेटचे सहा इंची चार थर एकावर एक, मधे आधाराला जाड स्ट्रॉ कापून खुपसल्या, नाहीतर पिंपळ वडासारखा पसरायला लागतो. सुरीने तासून खोडाचा आकार, वर ते खारं चॉकलेट क्रीम, आधी पातळ हात देऊन अर्धा तास फ्रीज म्हणजे चुरा वर येत नाही, मग दुसरा जाड हात आणि काट्या चमच्याच्या काट्याने उभ्या रेघा ओढल्या की साल. पिंपळाच्या पानाचा कटर आयर्लंडमध्ये कुठून मिळणार, पण बदामाच्या आकाराचा मिळतो, तसे बदाम कापायचे आणि खालचं टोक बोटांनी ओढून लांब करायचं की झालं पिंपळपान. सत्तर पानं केली, टोकं ओढून ओढून अंगठा सुन्न झाला होता.

मुंजा फॉन्डंटचा, म्हणजे साखरेची ती मळलेली कणीक. त्यात थोडी सीएमसी पावडर घातली की कडक वाळते, चार दिवस आधी करून ठेवला होता. मान टिकत नाही म्हणून आत कच्ची स्पॅगेटीची काडी, दातकाडी घातली तर पोरांच्या घशात जायची भीती. पांढरी लंगोटी, गोटा डोकं, शेंडी, आणि जानवं घालायचं तर दोरा चालत नाही, मग फॉन्डंटचीच शेवयीएवढी तार वळून डाव्या खांद्यावरून घातली. हा म्हणाला दुसऱ्या खांद्यावर आलंय. बघते तर खरंच, समोरून करताना उलट झालं होतं. मग म्हटलं असू दे, मेलेलाच आहे तो.

आणि झाडाखाली हडळ. हिरवं लुगडं, पावलं उलटी, टाचा पुढे. केसांसाठी मी काय केलं असेल सांग? तू दिलेला पितळी सोऱ्या! शेवेची बारीक जाळी लावली, आत काळं फॉन्डंट भरलं आणि दांडा फिरवला, असे काही लांब मोकळे केस आले की मी एकटीच स्वयंपाकघरात ओरडले. नंतर सोऱ्या धुताना मात्र काळं पाणी संपेना, चकलीचं पीठ भरायच्या आधी तीन वेळा गरम पाण्यातून काढला, तरी पहिल्या चार चकल्या जरा संशयास्पद निघाल्या. त्या आम्हीच खाल्ल्या.

गुरुवारी सकाळचं पण सांगते म्हणजे तुला वाटायला नको की सण बुडवला. इथे सूर्योदय सव्वासातला, त्यामुळे साडेसहाला उठून अंघोळ केली तरी ती पहाटेचीच, पोरांना फार आवडलं हे, शाळेला पण आठवडाभर सुट्टी होती. तेल लावलं, उटणं, मोती साबण, ओवाळलं. कारीट नाही मिळालं. मग इथे सुपारीएवढे कोबीचे गड्डे मिळतात, ब्रसेल्स स्प्राउट, तो डाव्या अंगठ्याखाली ठेवून दोघांनी दाणकन फोडला, गोविंदा गोविंदा करत. भाजी खायची नसतेच त्यांना ती, त्यामुळे नरकासुराचा वध एकदम मनापासून झाला. मग फराळ. देवापुढे ठेवला तेव्हा टेबलवर मुंजा पण होता, मी त्याच्यावर स्वच्छ पंचा झाकला. एवढं तरी केलं.

संध्याकाळी पाचच्या आतच सूर्य मावळला. खिडकीत आकाशकंदील, दारात पणत्या, आत उंबऱ्यापाशी छोटी रांगोळी, आणि बाहेर पायरीवर पोरांनी कोरलेले दोन भोपळे, आत दिवा. कोण कुठल्या सणाचं ते ओळखूच येत नव्हतं गं. गल्लीतली मुलं टोळ्या करून यायला लागली, सांगाडे, चेटकिणी, एक फ्रीज (हो, पुठ्ठ्याचा फ्रीज घालून आलेला मुलगा), आणि प्रत्येक जण कंदिलाकडे बघून विचारतोय हे कुठून आणलं, आम्हाला पण पाहिजे. चॉकलेटसोबत प्रत्येकाच्या पिशवीत मी एक एक शंकरपाळ्याची पुडी टाकली. चिमी चेटकीण झाली होती आणि धाकटा ऐन वेळी म्हणाला मला मावळा व्हायचंय, मग मागच्या शिवजयंतीचा फेटा नि तलवार काढली. लोकांना वाटलं समुद्री चाचा.

बाजूच्या आजी सांगतात की त्यांच्या लहानपणी ट्रिक ऑर ट्रीट कोणी म्हणायचं नाही, डब्लिनची पोरं दारात येऊन ओरडायची "हेल्प द हॅलोवीन पार्टी!" आणि मिळायचं काय तर सफरचंदं आणि भुईमुगाच्या शेंगा. शेंगा! टरफलासकट भाजलेल्या, आपल्या जत्रेत मिळतात तशा. अजून सुपरमार्केटमध्ये या दिवसांत जाळीच्या पिशव्यांतून येतात, मंकी नट्स म्हणतात. त्या दोन पिशव्या घेऊन आल्या पार्टीला, मुलं चॉकलेट सोडून ढुंकून बघेनात, पण आम्ही सगळी मोठी माणसं मात्र टरफलांचा ढीग करून बसलो. दोरीला सफरचंद टांगून हात न लावता चावायचा खेळ पण झाला, दहीहंडीच की ती, फक्त एकट्याची. आणि बाहेर फटाके! इथे सामान्य माणसाला फटाके विकत घ्यायला, उडवायला बंदी आहे, तरी उत्तर आयर्लंडमधून चोरून आणतात आणि अख्खा ऑक्टोबर फोडतात. एरवी मी वैतागते, त्या रात्री म्हटलं फोडा बाबांनो, दिवाळी आहे.

मग मुंजावरचा पंचा काढला. सगळी मुलं गप्प. मी इंग्रजीत गोष्ट सांगितली, जमली तशी, शेंडीला काय म्हणायचं ते मला आलंच नाही. हडळीची उलटी पावलं दाखवली तेव्हा एक पोरगी आईच्या मागे लपली. आणि शेजारच्या आजी त्या हडळीच्या केसांकडे बघत म्हणाल्या, ही तर आमची बॅन्शी. त्यांच्याकडे पण एक बाई असते, लांब मोकळे केस विंचरत बसणारी, ती रडली की त्या घरात कोणीतरी जाणार. म्हणून रस्त्यात पडलेला कंगवा कधी उचलायचा नाही, त्यांची आजी मारायची उचलला तर. आजी, तू मला तिन्हीसांजेला केस विंचरू द्यायची नाहीस ना, आठवतंय? मी त्यांना ते सांगितलं तर त्यांनी माझा हात दाबला नुसता.

केक कापायची वेळ आली तेव्हा मुंजाला सुरी लावायला कोणी तयार नाही. शेवटी आमचा मावळा पुढे आला आणि थेट शेंडी खाल्ली.

आजींनी येताना त्यांचा स्वतःचा केक आणला होता, त्याला बार्मब्रॅक म्हणतात, मूळ आयरिश नावाचा अर्थ ठिपक्यांचा पाव. दिसायला साधा, तपकिरी, वर कसली सजावट नाही. बेदाणे आणि मनुका रात्रभर काळ्या कडक चहात भिजवतात, त्यातच पीठ, लोणी लावून खायचा. अंडं होतं की नाही मी विचारलं नाही, तू पण विचारू नकोस. पण खरी गंमत आत असते. पूर्वी त्यात पाच वस्तू दडवायचे, चिंधी निघाली तर गरिबी, नाणं निघालं तर पैसा, काडी निघाली तर नवरा बायकोत भांडणं, वाटाणा निघाला तर यंदा लग्न नाही, आणि अंगठी निघाली तर वर्षाच्या आत लग्न. आता दुकानातल्यात नुसती अंगठी असते, कागदात गुंडाळलेली. आजींनी पण फक्त अंगठीच घातली होती, म्हणाल्या काडी कशाला उगीच.

माझे सगळे नटवे केक एका बाजूला आणि तो साधा पाव एका बाजूला, आणि शेवटी दहा वाजता पोरं झोपल्यावर आम्ही चार बायका चहाबरोबर तोच खात बसलो. तू तुझ्या त्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये करायचीस ना मनुकांचा, काचेतून आम्ही दोघं डोकावायचो आणि तू म्हणायचीस वाफ जाते, बाजूला व्हा, तसा वास. फक्त वेलचीच्या जागी चहा.

अंगठी माझ्या तुकड्यात निघाली. सगळ्या हसल्या, हिचं तर झालंय लग्न बारा वर्षांपूर्वी. आजी म्हणाल्या मग घरात कोण राहिलंय त्याला दे. तेव्हा मला छोटू एकदम आठवला, चौतीस पूर्ण, तू आणलेली सतरा स्थळं बघून "विचार करून सांगतो" म्हणणारा.

म्हणून आज भाऊबीजेला ती अंगठी धुवून पाकिटात घातलीये, उद्या पोस्टात टाकते. पितळेची आहे, सोन्याची समजून सोनाराकडे नेऊ नकोस. त्याच्या हातात देऊ पण नकोस, उशीखाली ठेव. त्याच पाकिटात चिमीने कागदावर मुंजाचं चित्र काढून टाकलंय पणजीसाठी, जानवं बरोबर खांद्यावर आहे, मी तपासलं.

अनारसे उरले असतील तर पुण्याहून डिसेंबरात येणाऱ्यांबरोबर दे. आणि सोऱ्याची शेवेची जाळी एक जादा मिळाली तर बघ, आता त्या जाळीतून शेव काढायला माझं मन होत नाहीये.

फोन कर. इथे घड्याळं मागच्या रविवारी मागे गेली, आता साडेपाच तासांचा फरक आहे, तुझी मालिका संपली की लाव, मी जागीच असते.

तुझी,
मनू